चिनी सून आम्हाला सारखं थँक्यू म्हणते, पण स्वतःच्या आईला कधीच नाही. असं का?

तुम्ही लिहिलंय की सून पाण्याच्या ग्लासासाठीसुद्धा तुमचे आभार मानते, पण हांगझोऊला आईशी बोलताना ‘जेवलीस का, गरम कपडे घाल’ एवढंच ऐकते आणि फोन ठेवते. मायलेकींत काही बिनसलंय का, अशी तुम्हाला काळजी वाटते.

काहीही बिनसलेलं नाही. मी चीनमध्ये सूझोऊला चार वर्षं एका कुटुंबाच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिले. घरमालकीणबाई वाटीभर सूप आणून द्यायच्या आणि मी दरवेळी ‘श्येश्ये’, म्हणजे थँक्यू, म्हणायचे. महिनाभरानं त्या रागावल्याच. म्हणाल्या, ‘ज्येनवाइ’ करू नकोस. ‘ज्येन’ म्हणजे पाहणं, ‘वाइ’ म्हणजे बाहेर. आपण ‘परकं समजू नकोस’ म्हणतो ना, अगदी तेच. आभार मानले की देण्याघेण्याचा हिशेब झाला, आणि हिशेब बाहेरच्यांशी ठेवायचा असतो. तुमची सून तुम्हाला थँक्यू म्हणते, कारण तिला तुमच्या घरात अजून जपून वागावंसं वाटतंय.

हे आत-बाहेर चिनी नात्यांच्या नावांतच आहे. वडिलांचा मोठा भाऊ ‘बोबो’, धाकटा ‘शूशू’, मामा ‘जिओजिओ’, आत्या ‘गूगू’. मराठी माणसाला हे शिकायला मुळीच जड जात नाही. पण पुढे वाट वेगळी होते. चुलत भावंडं ‘थांग’, आणि मामे, मावस, आते सगळी ‘ब्याओ’, म्हणजे बाहेरच्या बाजूची. आत्या वडिलांची सख्खी बहीण, तरी ती लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली म्हणून तिची मुलं बाहेरची! आईच्या आईला तर दक्षिणेकडे ‘वाइपो’च म्हणतात. त्यातही तोच ‘वाइ’.

म्हणून त्या आजीवर माया कमी असते का? 2018 साली शांघायच्या दुसरीच्या पुस्तकातल्या एका धड्यात ‘वाइपो’ काढून उत्तरेकडचा ‘लाओलाओ’ घातला होता. प्रमाण शब्दकोशात ‘वाइपो’ बोलीतला शब्द मानलाय, हे कारण. लोक इतके खवळले की शिक्षण खात्यानं मूळ शब्द परत घालायला लावला. आपल्या आजीची हाक कुणी बदललेली त्यांना सहन झाली नाही.

साधारण 1980 पासून 2015 संपेपर्यंत एका मुलाचं धोरण होतं. तेव्हाच्या शहरी एकुलत्यांच्या मुलांना सख्खे काका-मामा नाहीतच. शब्द मात्र शेजारीपाजारी लोकांसाठी चालू राहिले. ‘आयी’ म्हणजे मावशी, आणि घरकामाच्या बाईंनाही ‘आयी’च. आपल्याकडे जसं ‘मावशी’.

आता एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. आनंदाची बातमी कळवावी, काळजीची नको, अशी त्यांच्यात म्हण आहे. आमच्या घरमालकीणबाईंचा मुलगा शेनझेनला होता. त्याची नोकरी गेल्याचं त्यानं आठ महिने घरी सांगितलं नाही. त्याच काळात बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ते त्यांनी त्याला सांगितलं नाही. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. जेवलास? जेवलो. तू? मीही. दोघंही एकमेकांना जपत होते आणि दोघंही एकटे पडले होते. मला ते बघवत नसे.

म्हणून सून ‘सगळं ठीक आहे’ म्हणाली तर तिथंच थांबू नका. ऑफिसातल्या त्या कामाचं काय झालं, डोकं दुखायचं थांबलं का, असं नेमकं विचारा. आणि आजीची चौकशी करताना ‘तुझी आजी’ म्हणू नका, ‘वाइपो कशा आहेत?’ असं विचारा. हांगझोऊकडे हाच शब्द चालतो. वडिलांच्या आईबद्दल विचारायचं असेल तर ‘नायनाय’.