वाचकांचे प्रश्न : बिअ‍ॅट्रिक्स पॉटरची सांकेतिक रोजनिशी

प्रश्न : सशांच्या गोष्टींमुळे जगभर माहीत असलेल्या बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांनी लहान वयात गुप्त लिपीत रोजनिशी लिहिली होती, असे वाचनात आले. घरच्यांपासून लपवावे असे त्यांच्याकडे काय होते? त्यांचे घर कसे होते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : रोजनिशी वाचताना प्रथम लक्षात येते ते हे, की लपवण्याजोगे तीत फारसे काही नाही. प्रदर्शनांतील चित्रांवरची परखड मते, वडिलांच्या मित्रांनी सांगितलेल्या हकिकती, ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या राजकारणाविषयी घरात चालणारे बोलणे, आजीने सांगितलेल्या जुन्या आठवणी आणि पाळलेल्या प्राण्यांच्या नोंदी यांनीच तिची बहुतेक पाने भरलेली आहेत. म्हणून सांकेतिक लिपीचे कारण एखाद्या गुपितात शोधण्यापेक्षा त्या घराच्या घडणीत शोधावे, असे मला वाटते.

बिअ‍ॅट्रिक्सचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात, बोल्टन गार्डन्समधील घरी झाला. आईवडिलांच्या दोन्ही घराण्यांची संपत्ती उत्तर इंग्लंडमधील सुती कापडाच्या धंद्यातून आलेली होती. आजोबा एडमंड पॉटर यांचा ग्लॉसॉपजवळ कापडछपाईचा मोठा कारखाना होता आणि ते संसदेचे सदस्यही होते. वडील रूपर्ट बॅरिस्टर असले, तरी त्यांचा जीव रमे तो छायाचित्रणात. प्रसिद्ध चित्रकार जॉन एव्हरेट मिले हे त्यांचे स्नेही असून चित्रे रंगवताना ते रूपर्ट यांच्या छायाचित्रांचा उपयोग करीत. अशा घरात कानांवर पडणारे बोलणे श्रीमंत होते, पण त्यात भाग घेण्याची मुभा मुलीला नव्हती. तिला शाळेत पाठवले नाही. तिचे शिक्षण घरीच शिक्षिकांकडून झाले. सहा वर्षांनी धाकटा भाऊ बर्ट्रम हाच तिचा खरा सोबती. दोघे मिळून ससे, उंदीर, वटवाघळे, सरडे पाळत आणि त्यांची बारकाईने चित्रे काढत. पुढे बर्ट्रम निवासी शाळेत गेला आणि ती घरात एकटी उरली.

रोजनिशीच्या उपलब्ध नोंदी १८८१ पासूनच्या, म्हणजे तिच्या पंधराव्या वर्षापासूनच्या आहेत. लहानपणीचे उन्हाळे तिने स्कॉटलंडमधील डलगाइझ येथील भाड्याच्या घरात घालवले होते. १८८४ मध्ये तेथे पुन्हा जाण्याची गोष्ट निघाली, तेव्हा ते घर परत पाहणे आपल्याला सोसवणार नाही, असे तिने लिहून ठेवले. नामवंत चित्रकारांच्या कामातील उणिवा ज्या निर्भयपणे ती नोंदवते, त्याच निर्भयपणे ती स्वतःच्या मनाविषयीही लिहिते. आणि वडीलधाऱ्यांसमोर गप्प बसावे लागणाऱ्या मुलीला असे लिहिण्यासाठी कोणाला वाचता न येणारी लिपी हवी होती, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

प्रश्न : ही लिपी शेवटी कोणी उलगडली?
– एक वाचिका, बेळगाव

उत्तर : लेस्ली लिंडर या संग्राहकाने. प्रत्येक अक्षरासाठी बिअ‍ॅट्रिक्सने एक चिन्ह ठरवले होते, पण सरावाने तिचे अक्षर इतके बारीक आणि घाईचे झाले होते, की लिंडर यांचे अनेक वर्षांचे प्रयत्न वाया गेले. १९५८ च्या ईस्टर सोमवारी त्यांना एका पानावर रोमन आकड्यांतील सोळा आणि १७९३ हे वर्ष वाचता आले. त्या वर्षी फ्रान्सचा राजा सोळावा लुई याचा शिरच्छेद झाला होता. त्या आधाराने जवळच्या एका शब्दाचा अर्थ ‘देहदंड’ असावा, असा तर्क त्यांनी केला, तो खरा ठरला आणि त्यातून बाकीची चिन्हे सुटत गेली. त्यानंतरही सर्व पाने उतरवून काढण्यात काही वर्षे गेली. १८९७ च्या जानेवारीपर्यंतच्या, म्हणजे तिच्या तिसाव्या वर्षापर्यंतच्या नोंदी असलेली ही रोजनिशी १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. बिअ‍ॅट्रिक्सचे निधन १९४३ मध्येच झालेले होते.