सीबीसीटी कधी काढायचा आणि कसा बघायचा

भावा, सीबीसीटीचं, म्हणजे दातांच्या थ्रीडी स्कॅनचं, विचारलंस म्हणून सांगतो, प्रत्येक आरसीटीला (रूट कॅनाल ट्रीटमेंटला) तो काढायला पाठवत बसू नको, पेशंटचा खर्च आणि रेडिएशन दोन्ही वाढतंय. आधी दोन वेगळ्या अँगलनं साधे एक्स-रे काढ, त्यात कॅनाल (मुळातली नसेची नळी) मध्येच गायब झाला किंवा मुळाची कड डबल दिसली की मग थ्रीडीचं बघू.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत नवीन असताना कागलच्या एका काकींची वरची पहिली दाढ केलेली, तीन कॅनाल भरले, एक्स-रे एकदम झकास, आणि सहा महिन्यांनी काकी गाल धरून परत दारात! स्कॅन काढून बघतोय तर एमबी टू (गालाकडच्या पुढच्या मुळातला दुसरा कॅनाल) तसाच राहिलेला, म्हणजे चूक माझीच की.

मागवताना स्मॉल फील्ड ऑफ व्ह्यू (स्कॅनचा भाग छोटा) लिही, 5 बाय 5 सेंमी बास, अख्खा जबडा कशाला. आणि नुसता रिपोर्ट वाचून गप्प बसू नको, स्वतः सॉफ्टवेअर उघडून अ‍ॅक्सियल कटमध्ये (आडव्या छेदात) वरपासून मुळाच्या टोकापर्यंत हळूहळू स्क्रोल कर, कॅनाल मुळाच्या मधोमध नसून एका बाजूला सरकलेला दिसला तर समज त्याचा जोडीदार कुठंतरी लपलाय. खालच्या दुसऱ्या दाढेत सी शेप (इंग्रजी C सारखा) कॅनाल असला तर तो प्रत्येक लेव्हलला बदलत जातोय, एकच कट बघून फसशील. धातूची कॅप किंवा जुना गटापर्चा (कॅनाल भरायचा रबरासारखा पदार्थ) असला की काळे-पांढरे पट्टे येतात, त्यातल्या काळ्याला कॅनाल समजून बर (ड्रिलचं टोक) घातलास तर परफोरेशन (मुळाला भोक) ठरलेलं लगा.