टीसीएल, सोडा, तुरटी : पोहण्याच्या तलावाचे प्रश्न

मार्च सरत आला की फार्महाउस आणि कृषी पर्यटन केंद्रांवरून पत्रं यायला लागतात. सगळ्यांचा सूर एकच असतो: तलावाची रसायनं महाग आहेत, घरातलं काही चालेल का? बरंच काही चालतं. पण आधी चाचणीचा संच घ्या. पीएच, क्लोरीन आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) मोजल्याशिवाय सोडाही टाकू नका. खालची मापं ५०,००० लिटरच्या तलावाची आहेत. तुमचा तलाव केवढा आहे ते काढायला लांबी, रुंदी आणि सरासरी खोली फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा. लिटर मिळतील.

आठवडाभर पंप बंद होता, पाणी हिरवंगार झालं. आमची ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते, तीच तलावात टाकली तर? (कर्जत)

चालेल. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरच. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की तो उडून जातो आणि हातात नुसता चुना उरतो. म्हणून पावडर ताजी आणा.

आधी पीएच बघा. तो ८ च्या पुढे असेल तर टाकलेल्या क्लोरीनपैकी जेमतेम पाचवा हिस्सा जंतू मारायच्या कामाचा असतो, ७.५ ला निम्मा. म्हणून पीएच ७.२ ते ७.४ वर आणा. मग भिंती आणि पायऱ्या ब्रशने खरवडून घ्या, शेवाळाचा थर मोडल्याशिवाय क्लोरीन आत पोचत नाही. सूर्य मावळल्यावर दीड किलो पावडर तीन प्लॅस्टिकच्या बादल्यांत, भरलेल्या पाण्यात थोडी थोडी सोडून ढवळा. तासभर ठेवा. वर निवळलेलं पाणी तेवढं तलावात ओता. तळाचा साका ओतलात तर तलाव पांढुरका होईल. पंप रात्रभर चालू राहू द्या. दिवसा टाकलेला क्लोरीन उन्हात तासाभरात निम्म्याच्या खाली येतो, म्हणून संध्याकाळच हवी.

सकाळी चाचणी घ्या. क्लोरीन शून्यावर आला असेल तर शेवाळाने तो खाल्ला, त्याच संध्याकाळी पुन्हा तेवढाच डोस द्या. दोन-तीन रात्री लागतात. पाणी हिरव्याचं राखाडी झालं की समजा काम होतंय. क्लोरीन लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली आल्यावर आणि तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसायला लागल्यावरच माणसं उतरवा. गढूळ पाण्यात तळाशी गेलेलं मूल दिसत नाही. या एका गोष्टीत पाहुण्यांच्या आग्रहाला बळी पडू नका.

आणखी एक. तलावात टाकायच्या क्लोरीनच्या पांढऱ्या गोळ्या आणि टीसीएल एका डब्यात, एका बादलीत कधीही आणू नका. पेट घेतात, स्फोटही होतो. ॲसिडजवळही ही पावडर ठेवू नका, विषारी वायू सुटतो.

बोअरच्या पाण्याचा पीएच ८.२ आहे. ॲसिडची भीती वाटते. व्हिनेगर किंवा लिंबू चालेल का? (जुन्नर)

ताई, भीती रास्त आहे, पण व्हिनेगर परवडणार नाही. जे काम हार्डवेअरच्या दुकानातलं एक लिटर हायड्रोक्लोरिक ॲसिड करतं, त्याला पंधराएक लिटर व्हिनेगर लागेल. वर व्हिनेगरचा अंश पाण्यात उरतो आणि जंतूंना खाद्य होतो. लिंबाचंही तेच.

ॲसिडच घ्या, पण साधं, लेबलवर ३० ते ३३ टक्के लिहिलेलं. संडास धुण्याचं रंगीत, वासाचं नको, त्यात साबणासारखे पदार्थ असतात. हातमोजे, चष्मा घाला. बादलीत आधी पाणी, त्यात ॲसिड. उलट कधीच नाही. अर्धा लिटर, खोल बाजूला, पंप चालू असताना सावकाश सोडा. चार-सहा तासांनी पुन्हा मोजा आणि मगच पुढचा अर्धा लिटर.

पावसाळ्यानंतर पीएच रोज वेगळा येतो. सोडा टाकायचा का? आणि कोणता? (लोणावळा)

पावसाचं पाणी जवळजवळ क्षारविरहित असतं. चार महिने ते तलावात पडलं, तलाव भरून वाहिला, की अल्कलिनिटी धुऊन जाते आणि पीएचला आधार राहत नाही. ती लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅम हवी. इथे खाण्याचा सोडा लागतो: ८५० ग्रॅमला १० ने वाढते. तुमची ५० असेल तर अडीच किलो, दोन दिवसांत विभागून. किराणा दुकानातला सुटा सोडा चालतो, महागड्या डब्याची गरज नाही. धुण्याचा सोडा वेगळा. तो मुख्यतः पीएच चढवतो, म्हणून पीएच ७.२ च्या खाली असेल तरच, पाव किलोपासून सुरुवात करून.

आजी हंड्यात तुरटी फिरवायची. तलावात? (अलिबाग)

गढूळपणासाठी उत्तम. दीड किलो विरघळवून सगळीकडे शिंपडा, दोन तास पंप फिरवा, मग रात्रभर पाणी अगदी स्थिर ठेवा. सकाळी तळाचा गाळ व्हॅक्यूमने थेट बाहेर काढा, फिल्टरमधून नको, वाळू बसून जाते. तुरटी अल्कलिनिटी खाते, नंतर मोजा. जंतू मात्र ती मारत नाही.

द्राक्षबागेसाठी मोरचूद घरात असतोच. शेवाळावर टाकू का? (सांगली)

शेवाळ मरेल, पण मी टाकणार नाही. मोरचुदातलं तांबं पाण्यातून उडून जात नाही, साठत राहतं. भिंतींवर डाग पडतात, फिकट केसांना हिरवट झाक येते आणि ते पाणी ओढ्यात सोडलं तर मासे मरतात. नियमित क्लोरीन असेल तर मोरचुदाची गरजच पडत नाही.

क्लोरीनचा वास येतो, डोळे चुरचुरतात. क्लोरीन कमी करू? (नाशिक)

उलट. तो वास घाम आणि लघवीशी जुळलेल्या क्लोरीनचा आहे, म्हणजे मोकळा क्लोरीन कमी पडतोय. वर कर्जतच्या वाचकांना सांगितलेला रात्रीचा डोस द्या आणि प्रत्येकाला उतरण्याआधी अंघोळ करायला लावा.

गच्चीवर मुलीसाठी ३०० लिटरचा फुगवायचा टब आहे. त्यात किती टीसीएल? (पुणे)

काहीच नाही. एवढ्या पाण्याला हिशेबाने जेमतेम एक-दोन ग्रॅम पावडर लागते, घरच्या चमच्याने ते मोजता येणार नाही. रोज ताजं नळाचं पाणी भरा, मुलगी आत असेपर्यंत एक मोठं माणूस शेजारी बसू द्या, आणि संध्याकाळी ते पाणी कुंड्यांना घाला.