आंबा कधी खायचा आहे, हे आधी विचारा : ऑनलाइन विक्रेत्यांच्या प्रश्नांना उत्तरे

हापूसचा मोसम जवळ आला की एकाच धाटणीचे प्रश्न येऊ लागतात. ग्राहकागणिक वेगळी सेवा दिली की ऑनलाइन धंदा वाढतो म्हणतात, मग ती द्यायची कशी आणि त्यात पैसे किती घालायचे? ऐकीव माहितीवर बऱ्याच जणांचे पैसे आधीच गेलेले असतात. म्हणून काही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

देवगडात आमची बाग आहे. पुण्या-मुंबईत दोन-अडीचशे घरी पेट्या जातात. एक कंपनी ‘एआय पर्सनलायझेशन’चं पॅकेज घ्या म्हणते, वर्षाचे पैसे आगाऊ. घेऊ का?

नका घेऊ. ही सॉफ्टवेअरं हजारो लोकांच्या खरेदीवरून अंदाज बांधतात. अडीचशे घरांसाठी अंदाज कशाला हवा? त्यांना सरळ विचारता येतं. ऑर्डर घेताना एक प्रश्न वाढवा: आंबा कधी खायचा आहे? कोणाकडे रविवारी पूजा असते, त्यांना तयार फळ लागतं. कोणाला आठवडाभर पुरवून खायचा असतो, त्यांची पेटी अर्धी तयार, अर्धी कच्ची भरा. वहीत चार रकाने आखा: नाव, खायची तारीख, चार डझनी की पाच डझनी पेटी, आणि मागच्या वर्षीची तक्रार. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. ‘गेल्या वेळी तुमच्या पेटीत दोन फळं साक्याची (आतून पांढरट, न पिकलेली) निघाली होती, यंदा दोन जादा घातली आहेत,’ असा निरोप ज्याला गेला, तो ग्राहक दुसरीकडे जात नाही.

मात्र तारीख गाठण्यासाठी कार्बाइडला हात लावू नका, त्यावर बंदी आहे. आढी (पिकवण्यासाठी रचून ठेवलेले आंबे) लवकर कशी तयार करायची, हे दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांना विचारा.

मेसेजमध्ये ग्राहकाचं नाव आपोआप पडतं. तेवढं पुरे ना? (चिपळूण)

नाही.

आमचा मालवणी मसाला घरगुती. कोणी तिखट कमी मागतं, कोणी लसूण नको म्हणतं, कोणाला लग्नात वाटायला बरणीवर नवरा-नवरीचं नाव हवं. सगळ्यांना हो म्हणते आणि रात्र रात्र जागते. काय करू?

ताई, सगळ्यांना हो म्हणणं थांबवा. तिखटाच्या तीन पायऱ्या ठरवा, लसणासकट आणि लसणाविना असे दोन प्रकार ठेवा, बाकीला नम्रपणे नकार द्या. एवढ्यातही ग्राहकाला सहा पर्याय मिळतात आणि तुमचं मिरची भाजण्याचं गणित बिघडत नाही. नावाच्या बरण्यांना किमान संख्या ठेवा, अर्धे पैसे आधी घ्या. मसाल्यातले घटक बदलले की लेबलवरची यादीही बदलावी लागते. लसूण नाही असं सांगून विकलेल्या बरणीवर जुनंच लेबल चिकटलं, तर ती तुमची चूक ठरते. एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी नसेल तर ती आधी करा. लेबलवर काय काय लागतं, ते अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात किंवा जाणकार सल्लागाराला दाखवून घ्या.

तारकर्लीला आमचा होमस्टे आहे. पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो मोबाइलमध्ये आहेत. त्यावरून जन्मतारखा काढून वाढदिवसाच्या सवलतीचे मेसेज पाठवा, असं एकाने सुचवलं. शिवाय सगळ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप काढायचा विचार आहे.

दोन्ही करू नका. हे सुचवणाऱ्याचा सल्ला पुन्हा घेऊही नका.

पाहुण्याने आधार दिलं ते ओळख पटवण्यासाठी. त्यातली जन्मतारीख उचलून जाहिरातीला वापरणं म्हणजे त्याने दिलेल्या कारणापलीकडे जाणं. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा याच मुद्द्यावर उभा आहे: माहिती कशासाठी घेता ते सांगा, त्यासाठी स्पष्ट संमती घ्या, तेवढ्यापुरतीच वापरा. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होणार आहेत, म्हणून बरेच जण ‘तेव्हा बघू’ म्हणतात. तोवर ते फोटो मुलाच्या फोनवर, कामाला असलेल्या पोराच्या फोनवर आणि कुठल्याशा क्लाउडवर जाऊन बसतात. एखादा मोबाइल हरवला की शेकडो कुटुंबांची ओळखपत्रं उघड्यावर येतात. माहिती सांभाळण्यात कसूर झाली, तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. छोट्या होमस्टेला एवढा दंड होईल असं मी म्हणत नाही, पण कायदा किती गांभीर्याने बघतो ते कळावं.

ग्रुपचंही तसंच. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो. एकट्या प्रवास करणाऱ्या बाईचा नंबर अनोळखी पन्नास माणसांना दिलात, तर ती परत येईल का? ब्रॉडकास्ट यादी वापरा, तिच्यातून एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे, त्यांनाच तो मेसेज पोचतो, आणि ते योग्यच आहे.

पाहुण्याशी नातं ठेवायचं असेल तर तो निघताना विचारा: ‘पुढच्या वेळी कळवू का? कुठल्या महिन्यात यायला आवडेल? जेवणात मासे की शाकाहारी?’ हे लोक आनंदाने सांगतात. ज्याला तिरफळाची बांगड्याची आमटी आवडली होती, त्याला वर्षभराने ती आठवण करून द्या. आधारसाठी मास्क्ड प्रत मागा, तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. ओळखपत्रांच्या नोंदी किती काळ ठेवायच्या, हे पोलीस ठाण्यात आणि वकिलाला विचारून ठरवा, आणि मुदत संपली की फोटो खरोखर पुसा.

वेबसाइट बनवणारा म्हणतो, महागडा फोन वापरणाऱ्याला काजूचा भाव जास्त दाखवू, आणि ‘फक्त 2 पाकिटं उरली’ अशी पट्टी कायम ठेवू. (वेंगुर्ला)

दोन्हीला नकार द्या. एकाच वर्गातल्या ग्राहकांत भेदभाव करायला 2020 च्या ई-कॉमर्स नियमांची मनाई आहे. माल असताना संपत आला म्हणणं ही खोटी घाई, 2023 च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांत तिचा उल्लेखच आहे. जुन्या ग्राहकाला सवलत जरूर द्या, पण नियम सर्वांना दिसेल असा लिहून. आणि असं सुचवणाऱ्याकडून साइट घेण्याआधी दुसऱ्या कोणाकडून तिची तपासणी करून घ्या.

सावंतवाडीची लाकडी खेळणी मुलाचं नाव रंगवून पाठवतो. नाव चुकलं म्हणून माल परत येतो.

नाव ग्राहकालाच देवनागरीत टाइप करून पाठवायला सांगा, रंगवण्याआधी कागदावर लिहून फोटो पाठवा, ‘बरोबर’ असं उत्तर आल्यावरच ब्रश उचला. परत घेण्याची अट पैसे भरण्याआधी दाखवा. माल सदोष असेल तर ती अट सांगून चालणार नाही.

आत्ता धावपळ आहे. ग्राहकांची यादी जूनमध्ये निवांत केली तर? (रत्नागिरी)

जूनमध्ये कोणाला काय हवं होतं ते आठवणार नाही. येणारी पुढची ऑर्डर वहीत लिहा.