पृथ्वीसारखा ग्रह, आठ इंची दुर्बीण आणि अडीच टक्क्यांची घट

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पुण्याबाहेरच्या गच्चीवरून आठ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यांबरोबर फिरणारी बैठक) आणि कूल्ड मोनो कॅमेरा (थंड ठेवलेला कृष्णधवल कॅमेरा) एवढ्या सामानावर पृथ्वीसारखा ग्रह शोधता येईल का? आणि आजवर सापडलेल्यांपैकी माणसाने वस्तीला जावं असा ग्रह कोणता? पहिल्याचं उत्तर ‘नाही’, दुसऱ्याचं ‘एकही नाही’. पण याच सामानावर आधीच माहीत असलेल्या एका परग्रहाचं (दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचं) ट्रान्झिट, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याच्या प्रकाशात होणारी घट, तुम्ही नक्की नोंदवू शकता, आणि ते एकदा केलंत की बातम्यांमधल्या ‘दुसऱ्या पृथ्वी’चं वजन स्वतः करता येईल.

ग्रह निवडा वास्प-४३ बी. त्याचा तारा, वास्प-४३, १२.४ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद), मघा नक्षत्राच्या ताऱ्यापासून साधारण २२ अंश दक्षिणेला, सेक्स्टन्स तारकासमूहात. ग्रह जवळपास गुरूएवढा, पण तारा लहान आणि नारिंगी (के ७ वर्गाचा), त्यामुळे प्रकाश तब्बल अडीच टक्के घटतो. ट्रान्झिट जेमतेम ७० मिनिटांचं. पुण्याहून हा तारा सुमारे ६२ अंशांपर्यंत चढतो आणि एका रात्रीत सातेक तास ३० अंशांच्या वर राहतो. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्याचा हंगाम, म्हणजे पावसाळ्याची कटकट नाही. ग्रहाची फेरी १९ तास ३१ मिनिटांची असल्यामुळे सोळा फेऱ्या म्हणजे १३ दिवस आणि वर २२-२३ मिनिटं. एक ट्रान्झिट ढगांनी खाल्लं, तर तेरा दिवसांनी जवळपास त्याच वेळेला पुढचं मिळतं. नेमक्या वेळा स्वार्थमोर कॉलेजच्या ट्रान्झिट फाइंडरवर तुमचे अक्षांश-रेखांश टाकून काढा. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) घेतली असेल तर भान ठेवा. साडेपाच तास मिळवायला विसरलात तर रात्र वाया.

आता जुळणी. आपल्याकडे ध्रुवतारा फक्त साडेअठरा अंशांवर असतो. शेजारची इमारत नाहीतर क्षितिजावरचा धुरळा त्याला झाकतो, म्हणून ड्रिफ्ट पद्धतीने, म्हणजे तारा कुठे सरकतो ते पाहून, माउंटचा अक्ष ध्रुवाशी जुळवायला शिकून घ्या. गायडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंट आपोआप सावरणं) असेल तर उत्तम. हेतू गोल तारे मिळावेत हा नाही. तारा रात्रभर त्याच चार-पाच पिक्सेलांच्या परिसरात राहावा, हा आहे. प्रत्येक पिक्सेलची संवेदना थोडी वेगळी असते. तारा सरकत गेला की ती तफावत तेजाच्या आलेखात लाट म्हणून उतरते, आणि ही लाट ट्रान्झिटएवढीच मोठी असू शकते.

फिल्टर लाल लावा. एक्सपोजर ६० सेकंद. फोकस किंचित बिघडवून तारा ८-१० पिक्सेल रुंद करा. १६ बिटच्या फाइलमध्ये कुठल्याही मोजायच्या ताऱ्याचा सर्वांत उजळ पिक्सेल ४०,००० च्या वर जाऊ देऊ नका. त्यापुढे बऱ्याच सेन्सरांचा प्रतिसाद सरळ रेषेत राहत नाही आणि घट खोटी दिसते. ट्रान्झिटच्या एक तास आधी सुरू करा, संपल्यावर एक तास चालू ठेवा. दोन्ही बाजूंची सपाट रेषा नसेल तर आलेखातला खड्डा किती खोल ते कशावरून ठरवणार? लोक नेमका हाच शेवटचा तास कंटाळून सोडतात.

जर्मन माउंट (इक्वेटोरियलचाच एक प्रकार) असेल तर तारा मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना दुर्बीण उलटी करावी लागते. तारे सेन्सरच्या दुसऱ्या कोपऱ्यात जातात आणि आलेखात पायरी पडते. सुरुवातीला असं ट्रान्झिट निवडा की उलटापालट मध्ये येणारच नाही. कॅमेऱ्याचं तापमान रात्रभर एकच ठेवा (उणे १० पुरे), त्याच तापमानाच्या वीस डार्क (झाकण लावून घेतलेल्या फ्रेम) आणि तीसेक फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या फ्रेम) घ्या. फ्लॅट संधिप्रकाशात नळीच्या तोंडावर पांढरं सुती कापड ताणून, आणि फोकस व कॅमेऱ्याचा कोन पुढे रात्रीही तोच राहील अशा बेताने. संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरच्या वेळेशी सेकंदाच्या आत जुळवून घ्या.

मोजणीसाठी अ‍ॅस्ट्रोइमेजजे हे सॉफ्टवेअर पुरतं, फुकट आहे. लक्ष्य तारा, त्याच्या आसपासच्या तेजाचे तीन ते पाच तुलना तारे (ज्यांच्याशी लक्ष्याचं तेज ताडून पाहायचं) आणि पडताळणीसाठी आणखी एक. मोजणीचं वर्तुळ ताऱ्याच्या अर्ध-उंचीवरच्या रुंदीच्या (तेज शिखराच्या निम्मं होतं तिथल्या रुंदीच्या) दीडपट ते दुप्पट त्रिज्येचं घ्या. तुलना तारे निवडताना रंग पाहा, ही सगळ्यांत जास्त दुर्लक्षित बाब. वास्प-४३ लालसर आहे. शेजारी निळा तारा घेतलात तर तो क्षितिजाकडे उतरताना जास्त वेगाने मंद होतो, गुणोत्तर सरकत राहतं आणि सपाट रेषा तिरकी होते. मग सॉफ्टवेअर ती सरळ करायला जातं आणि खड्ड्याच्या खोलीची वाट लावतं.

आठ इंचांवर मिनिटामागे फोटॉनांचा गोंगाट हजारात तीन-चार, वातावरणाच्या लुकलुकीचा हजारात एक, वर शहराच्या उजेडाचा वाटा. खड्डा हजारात पंचवीस. म्हणजे एका रात्रीत स्पष्ट दिसेल आणि मध्यबिंदू एक-दोन मिनिटांच्या आत सापडेल. तो बीजेडी-टीडीबी या, सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावरून मोजलेल्या, कालमापनात द्यायचा असतो, कारण पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचायला वर्षभरात आठेक मिनिटं पुढेमागे होतो. हा आकडा परग्रहांच्या ट्रान्झिटच्या वेळा गोळा करणाऱ्या एक्सोक्लॉक प्रकल्पाकडे पाठवा. तिथे तो खरोखर वापरला जातो: एखाद्या ग्रहाच्या फेरीत अर्ध्या सेकंदाची चूक असेल, तर हजार फेऱ्यांनंतर भाकीत आठ मिनिटांनी चुकतं, आणि मोठ्या दुर्बिणीचा वेळ असा वाया घालवणं कुणाला परवडत नाही.

आता पृथ्वीकडे वळा. सूर्यासमोरून पृथ्वी गेली तर दूरच्या निरीक्षकाला घट दिसेल ०.००८४ टक्के. वास्प-४३ च्या घटीचा तीनशेवा भाग. ट्रान्झिट १३ तासांचं, वर्षातून एकदा, आणि कक्षेचा कोन जुळून ते दिसण्याची शक्यता २१५ मध्ये एक. वातावरणाखालून हे होत नाही, म्हणून २००९ साली केप्लर ही दुर्बीण अवकाशात गेली आणि हंस व स्वरमंडल यांच्या भागातल्या सुमारे दीड लाख ताऱ्यांवर चार वर्षं डोळा लावून बसली. तिथेही अडचण आली: सूर्यासारखे तारे अपेक्षेपेक्षा जास्त चंचल निघाले. त्यामुळे जास्त वर्षं लागणार होती, आणि मे २०१३ मध्ये दुसरं रिअ‍ॅक्शन व्हील (दुर्बिणीची दिशा स्थिर ठेवणारं चाक) बिघडल्यावर मूळ मोहीम थांबली. २०१५ साली ‘दुसरी पृथ्वी’ म्हणून गाजलेला केप्लर-४५२ बी हा ग्रह चार वर्षांतल्या चार ट्रान्झिटवर उभा आहे. २०१८ च्या फेरविश्लेषणात तो संकेत उपकरणाचा खेळ नाही असं ९९ टक्के खात्रीने म्हणता येत नाही, असं निघालं. वर्तमानपत्रांत ही दुसरी बातमी फारशी आली नाही.

आणि संकेत खरा असला तरी त्यातून कळतं काय? त्रिज्या आणि ताऱ्याकडून मिळणारी उष्णता. शुक्राची त्रिज्या पृथ्वीच्या ९५ टक्के आहे. लांबून तोही ‘पृथ्वीसारखा’च, पृष्ठभाग मात्र ४६० अंशांच्या वर. वातावरण मोजता येतं ते लहान लाल ताऱ्यांपाशी. ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ भोवती सात खडकाळ ग्रह आहेत. त्यांतल्या सर्वांत आतल्या ग्रहावर दाट वातावरण नाही, असं जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने २०२३ मध्ये दाखवलं. बाहेरच्या, समशीतोष्ण पट्ट्यातल्या ग्रहांचा निकाल यायचा आहे.

वस्तीचं म्हणाल, तर सर्वांत जवळचा परग्रह प्रॉक्सिमा बी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. व्हॉयेजर-१ या यानाच्या सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने तिथे जायला ७५ हजार वर्षं लागतील. वसाहतीच्या चर्चेत त्यामुळे मंगळ सोडून दुसरं नाव घेण्यात अर्थ नाही, आणि तिथेही नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीवरच्या मॉक्सी यंत्राने २०२१ ते २०२३ मध्ये सोळा खेपांत मिळून १२२ ग्रॅम ऑक्सिजन तयार केला. एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम लागतो.

मोनो कॅमेरा दुरुस्तीला गेलाच, तर डीएसएलआर आणि २०० मिमीची लेन्स घेऊन पावसाळा संपल्यावर जंबुक तारकासमूहातल्या एचडी १८९७३३ कडे वळा. तारा ७.७ प्रतीचा, घट २.४ टक्के, ट्रान्झिट पावणेदोन तासांच्या आसपास. रॉ फाइल, फक्त हिरवा चॅनेल, कॅमेऱ्यातलं नॉइज रिडक्शन बंद, फोकस चांगलाच बिघडवलेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो संध्याकाळीच पश्चिमेला कलतो, म्हणून लवकर सुरू होणारं ट्रान्झिट शोधा.