बाप स्वतःची मुलगी ‘चोरतो’ की ‘पळवतो’?

प्रश्न भाषांतराचा आहे: अमेरिकेतल्या स्पॉट्सवुड राइस या कृष्णवर्णीय सैनिकानं सप्टेंबर १८६४मध्ये, आपल्या गुलामीत असलेल्या मुलीच्या मालकिणीला, किटी डिग्जला, इंग्रजीत पत्र लिहिलं. मी माझी मुलगी ‘स्टील’ (steal) करू पाहिली असं तू म्हणतेस, असं तो त्यात लिहितो. मराठीत इथे ‘चोरणे’ घ्यावं की ‘पळवणे’?

‘चोरणे’च घ्या. ‘मुलं चोरणारी टोळी’ आपण म्हणतो, पण तिथे चोर परका असतो. नवरा-बायकोच्या भांडणात बापानं मुलगी नेली, तर ‘पळवून नेली’ म्हणू. ‘बापानं मुलगी चोरली’ हे कानाला खटकतं आणि या पत्रात ते खटकायलाच हवं. त्याच वाक्यात पुढे ‘प्लंडर’ही आहे, म्हणून ‘चोरायला, लुटून न्यायला’ असं जोडीनं येऊ द्या.

हा आरोप म्हणजे रागाच्या भरातली शिवी नव्हे, ती कायद्याची भाषा होती. गुलाम ही मालमत्ता, म्हणून त्याला पळायला मदत करणारा चोर. राइस आणि किटी ज्या मिसुरी राज्यातले, तिथेच १८४१ साली या गुन्ह्यासाठी तिघांना १२ वर्षांची शिक्षा झाली. १८४४मध्ये फ्लोरिडात जोनाथन वॉकर या कप्तानाच्या तळहातावर ‘एस. एस.’, म्हणजे ‘स्लेव्ह स्टीलर’ (गुलामचोर), अशी अक्षरं डागली गेली. लिंकनचा १८६३चा मुक्तीचा जाहीरनामा मिसुरीला लागू नव्हता. त्यामुळे राइस सेंट लुइसला लष्करी इस्पितळात, अंगावर सरकारी गणवेश आणि मुली मात्र अजून गुलाम!

पत्रातलं एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. माझ्याच मुलीसाठी मी तुला ४० डॉलर देऊ केले होते. तू ते घेतले नाहीस याचा आता आनंद आहे, असं तो लिहितो. मेरी ही देवानं मला दिलेली मुलगी आहे, हे त्याआधीच त्यानं ठणकावलेलं असतं.

म्हणूनच ‘यू’साठी ‘तू’ वापरा. मालकिणीशी अदबीनंच बोलण्याची सक्ती सोसलेला माणूस इथे तिला नरकात जळशील म्हणून सुनावतो, काळ्या सैनिकांची हजारभर फौज गावावरून येतेय असं बजावतो. ‘तुम्ही जळाल’मध्ये तो जोर उरत नाही. किटीचा भाऊ गावचा पोस्टमास्तर होता. त्यानं हे पत्र थेट सेनापतीकडे धाडलं आणि राइसला राज्याबाहेर पाठवा अशी मागणी केली, यावरूनच त्या भाषेची धग कळते.