तोरणमाळला तंबू नेताना

पहिल्यांदाच चाललायस ना भाऊ, मग जळगावचं ऊन आधी डोक्यातून काढ. सातपुड्यातलं हे थंड हवेचं ठिकाण, तोरणमाळ, अकराशे मीटरच्या वर आहे. डिसेंबरात पहाटे तंबूची चेन ओढायला बोटं वळत नाहीत.

यशवंत तलाव दिसला की पाण्याला खेटूनच तंबू ठोकावासा वाटतो. मीही ठोकला होता. रात्री गार हवा उताराने खाली येऊन पाण्यापाशी साचते. सकाळी पाऊस नसताना कापडाच्या आतून टपटप थेंब! आपल्याच श्वासाची वाफ ती. म्हणून जरा चढावरची सपाट जागा बघ आणि कितीही गारठा असो, वरची जाळी चार बोटं उघडी ठेव. अंगाखाली मॅटवर घरची गोधडी हवीच, थंडी जमिनीतून चढते.

मुक्कामाआधी वनखात्याला विचारून घे. किराणा, औषधं शहाद्यातच भर, घाट उजेडात चढ. जेवणाचा घोळ नको: कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, ठेचा, घरून भाजून नेलेली वांगी. (तेल वेगळं ने, माझी अख्खी सॅक तेलकट झाली होती.) बूट रात्री तंबूच्या आत, तरी सकाळी झटकूनच घाल. विंचवाला तेही घर आवडतं.